उसने जुनेपण: 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर'चे पहिले काही तास

व्हिडिओ गेम घडवणाऱ्या कंपन्यांची बहुतेक धडपड पडद्यावरचे चित्र अधिकाधिक खरे दिसावे यासाठी चाललेली असते. तरीही त्यांतल्याच काही कंपन्या जाणीवपूर्वक मागे वळून, १९९० च्या आसपासच्या खेळांसारखे दिसणारे आणि तसेच वागणारे नवे खेळ बाजारात आणतात, आणि ते खपतातही. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने अक्वायर या संस्थेच्या साहाय्याने तयार केलेला आणि १३ जुलै २०१८ रोजी निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या यंत्रावर आलेला 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर' हा या प्रवाहातला बराच गाजलेला खेळ असून, पहिल्या महिनाभरातच जगभर त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या. त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्याचा सूर साधारणतः असा होता, की ज्यांचे बालपण जपानी खेळांच्या सोबतीने गेले त्यांना या खेळात आपले हरवलेले दिवस परत मिळतात. टोकियोतल्या किंवा शिकागोतल्या चाळिशीच्या माणसाबाबत ते खरे असेल. मात्र ठाण्याहून खाडीपूल ओलांडल्यावर लागणाऱ्या कळवा, खारेगाव, विटावा या वस्त्यांत त्याच काळात वाढलेल्या माणसाच्या बालपणात हे खेळ जवळजवळ नव्हतेच. तेव्हा त्याला परत मिळण्यासारखे काही नसताना हा खेळ त्याला धरून ठेवत असेल, तर त्याचे कारण त्याच्या आठवणींत सापडणार नाही, ते खेळाच्या घडणीतच शोधावे लागेल. या दृष्टीने कळव्यातल्या नवख्या खेळाडूचे पहिले मत हे मुरलेल्या चाहत्याच्या गहिवरापेक्षा अधिक भरवशाचे मानावे लागते.

ज्याला 'जपानी धाटणीचा रोल-प्लेइंग गेम' म्हणतात तो प्रकार मुळात जपानी नाही, ही गोष्ट प्रारंभीच सांगितली पाहिजे. 'रोल-प्लेइंग' म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळणे. त्याचे मूळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळात आहे, आणि १९८१ साली तिथेच आलेल्या 'विझर्ड्री' व 'अल्टिमा' या खेळांनी ती कल्पना संगणकावर रुजवली. या दोन्हींचा अभ्यास केलेल्या युजी होरी या जपानी रचनाकाराने एकाकडून वरून दिसणारा नकाशा आणि दुसऱ्याकडून शब्दांच्या चौकटीतून लढली जाणारी लढाई घेतली, आणि २७ मे १९८६ रोजी 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आणला. त्याची चित्रे अकिरा तोरियामा यांची, तर संगीत कोइची सुगियामा यांचे होते. पुढच्याच वर्षी, १९८७ च्या डिसेंबरात, स्क्वेअर कंपनीचा 'फायनल फॅन्टसी' आला. १० फेब्रुवारी १९८८ रोजी 'ड्रॅगन क्वेस्ट' मालेतला तिसरा खेळ आला तेव्हा शाळा बुडवून दुकानांपुढे रांगा लावणाऱ्या सुमारे तीनशे विद्यार्थ्यांना पोलिसांनी हटकले. (त्यावरून जपानच्या संसदेने असे खेळ शाळेच्या दिवशी विकण्यास बंदी घातली अशी एक कथा अजूनही सांगितली जाते, पण असा कायदा कधी झाला नाही.)

या खेळांचे जे गुण आज जुनेपणाच्या खुणा म्हणून ओळखले जातात, त्यांतले बरेचसे मुळात यंत्राच्या अडचणीतून आलेले होते. पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' अवघ्या ६४ किलोबाइटांत बसवलेला होता, म्हणजे आजच्या मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्रालाही त्याच्या कितीतरी पट जागा लागते. फॅमिकॉमची चालू स्मृती २ किलोबाइट होती, आणि खेळाडूच्या हातात चार दिशांची एक कळ व दोन मुख्य बटणे एवढेच होते. अशा यंत्रावर पात्रे ठेंगणी, मोठ्या डोक्याची आणि ठिपक्याठिपक्यांची होणार, तलवारबाजी प्रत्यक्ष दाखवण्याऐवजी 'वार करा', 'मंत्र वापरा', 'पळा' अशा यादीतून निवडावी लागणार, आणि शत्रू नकाशावर हिंडताना न दिसता चार पावले चालल्यावर अचानक समोर उभे ठाकणार, हे ओघानेच आले. खेळ जिथवर आला तिथून पुढे दुसऱ्या दिवशी सुरू करण्यासाठीही यंत्रात काही जपून ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून खेळ थांबवताना वीस अक्षरांचा एक संकेत पडद्यावर येई आणि मुले तो वहीत उतरवून घेत. दुसऱ्या खेळात हा संकेत बावन्न अक्षरांपर्यंत लांबला आणि एक अक्षर चुकले तर सगळी मेहनत पाण्यात जाई. तिसऱ्या खेळापासून बॅटरी बसवलेल्या कार्ट्रिजमुळे ही कटकट संपली. जपानमधल्या एका पिढीच्या मनात या खेळांविषयी जो जिव्हाळा आहे त्यात या वह्यांचा वाटा थोडा नाही.

फॅमिकॉमचे नातलग भारतातही आले होते, पण हे खेळ घेऊन नव्हे. १९९० च्या दशकात ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या मध्यमवर्गीय घरांत जो 'टीव्ही गेम' दिसे तो प्रायः फॅमिकॉमची नक्कल असे. 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशी त्याची नावे असत, आणि त्यात बसणाऱ्या कार्ट्रिजला सगळेच 'कॅसेट' म्हणत. कॅसेटीवर '९९९९ इन १' असे छापलेले असले तरी आत 'मारिओ', 'सर्कस', रणगाड्यांचा 'टँक', बदके टिपण्याचा 'डक हंट' असे मोजके खेळच नावे बदलून पुन्हापुन्हा येत. एका कॅसेटीत अनेक खेळ कोंबायचे तर ते आकाराने लहान हवेत, आणि 'मारिओ' अवघ्या ४० किलोबाइटांचा होता. बॅटरीवर जपावे लागणारे, तीसचाळीस तास चालणारे आणि पानेच्या पाने जपानी मजकूर वाचायला लावणारे खेळ या धंद्यात बसणारे नव्हते. परिणामी इथल्या मुलांनी जपानी यंत्राचा धावण्या-उडी मारण्याचा अर्धा भाग पाहिला आणि कथा सांगणारा अर्धा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. त्यांची कथेची भूक 'चांदोबा'तले राजपुत्र, वेताळ आणि हातिमताईची सात कोडी भागवत होती, ही गोष्ट वेगळी. पण त्यामुळेच गाव सोडून निघालेला नायक, वाटेतली धर्मशाळा आणि डोंगरापलीकडचा राक्षस ही सामग्री त्यांना पुढे भेटली तेव्हा परकी वाटली नाही.

ती भेटली ती आडवाटेने. कार्टून नेटवर्कवर 'पोकेमॉन' ही मालिका लोकप्रिय झाली तेव्हा तिचे मूळ १९९६ साली गेम बॉय या हातातल्या यंत्रासाठी निघालेला एक रोल-प्लेइंग गेमच आहे हे अनेक मुलांना ठाऊक झाले, आणि घरच्या संगणकावर किंवा सायबर कॅफेत 'एम्युलेटर' चालू लागला. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी संगणकप्रणाली. तिच्यावर चालणाऱ्या खेळांच्या प्रती बहुधा बेकायदेशीरच असत, हे नमूद करायला हवे. तरी तिच्यात एक गुण असा होता की खेळ कोणत्याही क्षणी जसाच्या तसा गोठवून जपता येई. २००५ नंतरच्या काही वर्षांत वीजहानी आणि वसुली यांच्या हिशेबाने विभागांची प्रतवारी करून भारनियमनाचे तास ठरवले जात होते आणि ठाणे जिल्ह्यात महावितरणच्या अखत्यारीतल्या वस्त्याही त्यातून सुटल्या नव्हत्या. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या घरात लांबलचक खेळ खेळणे या गोठवण्याच्या सोयीशिवाय कठीणच होते. जपानी मुलाने वहीत अक्षरे उतरवली, इथल्या मुलाने वीज जाण्याआधी कळ दाबली. या दोन बालपणांत साम्य असलेच तर एवढेच.

आता 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर'कडे वळावे. खेळ सुरू होताच नकाशावर आठ प्रवासी दिसतात आणि त्यांपैकी एकाला निवडावे लागते: ऑफिलिया ही धर्मसेविका, सायरस हा विद्वान, ट्रेसा ही व्यापारी, ओल्बेरिक हा योद्धा, प्रिमरोज ही नर्तकी, आल्फिन हा औषधे करणारा, थेरियन हा चोर आणि हानीत ही शिकारी तरुणी. या आठजणांच्या रोमन नावांची आद्याक्षरे जुळवली की खेळाचे नाव बनते. प्रत्येकाची स्वतंत्र कथा चार प्रकरणांची, म्हणजे एकूण बत्तीस प्रकरणे. जग वाचवण्याचा विडा कोणी उचललेला नाही. ट्रेसा ही बंदरावरच्या दुकानदाराची मुलगी एका जुन्या रोजनिशीच्या नादाने फिरतीवर निघते, तर प्रिमरोज बापाला मारणाऱ्या, अंगावर कावळ्याची खूण असलेल्या तिघांच्या शोधात नाचगाण्याच्या अड्ड्यावर दिवस काढत असते. पहिल्या दोन-तीन तासांतच बालिश वाटणाऱ्या ठेंगण्या चित्रांखाली किती निबर गोष्टी सांगितल्या जाणार आहेत याची कल्पना येते.

पहिल्याच दृश्यात नजरेत भरते ते चित्र. स्क्वेअर एनिक्सने या शैलीला 'एचडी-टूडी' असे नाव दिले असून, तिच्यात पात्रे जुन्या पद्धतीची, सपाट आणि ठिपक्यांची असतात, तर त्यांच्याभोवतीची घरे, पायऱ्या, पाणी आणि बर्फ ही आजच्या तंत्राने त्रिमितीत उभी केलेली असतात. प्रकाश खऱ्यासारखा पडतो, पाण्यात प्रतिबिंब हलते आणि पडद्याची वरची-खालची कड मुद्दाम पुसट ठेवलेली असल्याने सगळा देखावा हाताच्या अंतरावरच्या छोट्या प्रतिकृतीसारखा भासतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला दिवाळीतल्या किल्ल्याइतके नेमके उदाहरण नाही: मातीचा डोंगर, अळीव पेरून केलेले शेत, आत लपवलेला दिवा आणि त्या सगळ्यात ठोकळ चेहऱ्याचे मावळे. मावळा खरा दिसत नाही म्हणून किल्ल्याची गंमत कमी होत नाही, उलट त्याच्या ठोकळपणामुळे भोवतालचा डोंगर मोठा वाटतो. फॅमिकॉमच्या काळात ठिपके ही लाचारी होती; इथे ती निवड आहे, आणि निवड असल्यामुळेच तिच्याभोवती काय ठेवायचे याचा विचार करता आला.

लढाईचा विचार तपशिलाने करावा लागतो, कारण हा खेळ टिकतो तो मुख्यतः तिच्यावर. लढाई आळीपाळीची आहे, म्हणजे आपण वाटेत जमवलेल्या प्रवाशांपैकी चौघे आणि समोरचे शत्रू एकामागून एक खेळी करतात आणि पुढे कोणाची खेळी आहे ते पडद्याच्या वरच्या कडेला मांडलेले असते. प्रत्येक शत्रूखाली ढालीचे चिन्ह आणि त्यात एक आकडा असतो. शेजारी त्याच्या कमजोरीच्या चौकटी असतात, पण त्या सुरुवातीला झाकलेल्या. तलवार, भाला, खंजीर, कुऱ्हाड, धनुष्य, दंड ही सहा शस्त्रे आणि अग्नी, हिम, वीज, वारा, प्रकाश, अंधार ही सहा तत्त्वे यांपैकी कशाने तो शत्रू दुखावतो हे मारून पाहिल्यावरच कळते, आणि योग्य वार बसला की आकडा एकाने उतरतो. तो शून्यावर आला की शत्रूचा तोल जातो, त्याची खेळी हुकते आणि तेवढ्या वेळात त्याला नेहमीपेक्षा बराच जास्त मार बसतो. याच्या जोडीला प्रत्येक पात्राला दर फेरीत एक शक्तिबिंदू मिळतो. अशी पाच बिंदूंपर्यंत साठवण करता येते आणि एका खेळीत तीन बिंदूंपर्यंत खर्च करून तोच वार अनेकदा करता येतो किंवा मंत्राचा जोर वाढवता येतो, मात्र खर्च केल्यानंतरच्या फेरीत नवा बिंदू मिळत नाही. त्यामुळे खेळाडूपुढे सतत एकच हिशेब असतो: ढाल आत्ता फोडायची, की शत्रूचा मोठा वार येण्याच्या बरोबर आधी फोडता यावी म्हणून एक फेरी थांबायचे. जुन्या खेळांत 'वार करा' हेच बटण झोपेतही दाबत राहता येत असे, ही त्यांच्यावरची रास्त टीका होती. साध्या रानडुकराशीही विचार करून लढायला लावून या खेळाने तिला उत्तर दिले आहे. कल्पना अगदी नवी नव्हे, कारण निर्माते तोमोया असानो यांच्याच चमूच्या २०१२ सालच्या 'ब्रेव्हली डिफॉल्ट'मध्ये खेळी साठवण्याचा असाच एक प्रयोग होऊन गेला होता. पण तिचे इतके आटोपशीर रूप आधी दिसले नव्हते.

गावातल्या माणसांशी होणारा व्यवहारही पहिल्या तासापासून रंगतो. प्रत्येक प्रवाशाजवळ एकेक कसब आहे: ट्रेसा समोरच्याकडची वस्तू घासाघीस करून विकत घेते, थेरियन तीच चोरतो, आल्फिन गप्पा मारून माहिती काढतो, सायरस ती खोदून काढतो. सरळ मार्गाची कसबे पात्राची पातळी पुरेशी वाढली की हमखास साधतात. वाकड्या मार्गाची केव्हाही करून पाहता येतात, पण वारंवार फसली तर गावात पत जाते आणि ती परत मिळवायला खानावळीत पैसे मोजावे लागतात. जुन्या खेळांतले गावकरी एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत. इथे दारात उभ्या असलेल्या म्हातारीचाही पूर्वेतिहास वाचायला मिळतो, आणि तो अनेकदा मुख्य कथेपेक्षा बरा लिहिलेला असतो.

संगीत यासुनोरी निशिकी यांचे आहे. फॅमिकॉमच्या ध्वनियंत्राला अवघ्या पाच स्वरवाहिन्यांत सगळे बसवावे लागे. इथे खरी वाद्ये आहेत, आणि प्रत्येक पात्राची स्वतःची धून प्रकरणाच्या शेवटी मोठ्या शत्रूशी होणाऱ्या लढाईच्या संगीतात सलगपणे मिसळत जाते. या एका जोडणीपुरतेही हे संगीत लक्ष देऊन ऐकावे.

दोष लवकर दिसतात. चार-पाच पहिली प्रकरणे झाली की साचा उघडा पडतो: गाव, तिथला पेच, कसबाचा एक वापर, गावाबाहेरची गुहा, गुहेच्या टोकाला मोठा शत्रू. आठजण एकत्र हिंडतात, पण एकाच्या कथेत बाकीचे सात जणू हजरच नसतात. अधूनमधून त्यांच्यात होणारे छोटे संवाद सोडले तर हा जथा आहे असे वाटतच नाही. दुसरी अडचण भाषेची. मराठी किंवा हिंदी सोडाच, कोणत्याही भारतीय भाषेत हा खेळ नाही. इंग्रजी घ्यावी तर हानीत आणि तिच्या गावचे लोक शेकडो वर्षांपूर्वीच्या धाटणीची, जुनी क्रियारूपे असलेली बनावट इंग्रजी बोलतात, जी इंग्रजी माध्यमात शिकलेल्यालाही अडखळत वाचावी लागते. इंग्रजीभाषक खेळाडूला या जुनेपणाने गंमत वाटली असेल वा नसेल. कळव्यातल्या मराठी माध्यमातून आलेल्या खेळाडूला मात्र ती शिकारी शेवटी ठेवावी असा सल्ला द्यावासा वाटतो.

खेळाच्या घडणीत पहिल्या मतांना प्रत्यक्ष स्थान होते, ही गोष्ट इथे उल्लेखनीय ठरते. सप्टेंबर २०१७ मध्ये, खेळ पुरा होण्याच्या कितीतरी आधी, ओल्बेरिक व प्रिमरोज यांची प्रकरणे असलेला एक नमुना फुकट खुला करण्यात आला आणि खेळाडूंकडून प्रश्नावली भरून घेतली गेली. पंचेचाळीस हजारांच्या आसपास उत्तरे आली, आणि चालण्याचा वेग, दृश्ये वगळण्याची सोय अशा बाबतींत त्यांनुसार बदल झाले. जून २०१८ मध्ये दुसरा नमुना आला, जो तीन तास खेळता येई आणि त्यात जमवलेले सारे पुढे पूर्ण खेळात नेता येई. जुन्या खेळांच्या चाहत्यांनीच जुन्या खेळांतला संथपणा कमी करायला सांगितले, यात विसंगती दिसते खरी. पण आठवणीत राहिलेला खेळ आणि प्रत्यक्षातला खेळ यांत अंतर असते आणि कंपनीने आठवणीतला खेळ बांधला, असे म्हटले की ती उलगडते.

कळव्याच्या खेळाडूला या अंतराशी कर्तव्य नाही. त्याला उपयोगी पडते ते दुसरेच. स्विच हे यंत्र निन्टेन्डोने भारतात रीतसर विकायला आणले नाही, त्यामुळे मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या वा तत्सम दुकानांतून आयात केलेले यंत्र घ्यावे लागते. जून २०१९ पासून हा खेळ संगणकावर मिळू लागल्याने ती गरज बऱ्याच अंशी संपली. कळव्याला धीम्या लोकलच थांबतात, आणि संध्याकाळच्या गर्दीत हातात यंत्र धरून खेळण्याची कल्पना ज्याने तो प्रवास केलेला नाही त्यालाच सुचेल. खेळ होतो तो घरी, जेवणानंतर उरलेल्या तासाभरात. बंदुकीचे आजचे खेळ सलग लक्ष आणि तल्लख बोटे मागतात, जोडीला जलद इंटरनेटही. आळीपाळीचा खेळ यांपैकी काहीच मागत नाही. लढाईच्या ऐन मध्यावर दार वाजले, आईने हाक मारली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी शत्रू आपली खेळी होईपर्यंत उभा राहतो. नव्या भागात पाऊल टाकताच खेळ आपोआप जपलाही जातो. दोन बटणांच्या यंत्राच्या मर्यादेतून निघालेली ही रीत दमून घरी आलेल्या माणसाला इतकी सोयीची ठरावी, हे १९८६ साली कोणाच्या मनातही नसेल.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर २' मध्ये नवे आठ प्रवासी नव्या भूमीत आहेत, दिवस आणि रात्र हवे तेव्हा बदलता येतात आणि त्यानुसार प्रत्येकाचे कसबही बदलते. दोन-दोन प्रवाशांच्या संयुक्त कथा घालून पहिल्या खेळातला एकलकोंडेपणाही बराच कमी केलेला आहे. दोन्हींतला एकच घ्यायचा असेल तर दुसरा घ्यावा. पहिल्यापासूनच सुरुवात करायची असेल, तर प्रारंभी निवडलेले पात्र त्याची कथा संपेपर्यंत चमूतून काढता येत नाही हे ध्यानात ठेवून निवड करावी: ट्रेसाला वाटेत पैसे सापडत राहतात, थेरियन इतरांना न उघडणाऱ्या कुलूपबंद पेट्या उघडतो आणि सायरस लढाई सुरू होताच शत्रूची एक कमजोरी उघड करतो. लढाईचा हिशेब अजून अंगवळणी पडायचा आहे अशा नवख्याला या तिघांत सायरस अधिक सोयीचा.